बाजारात तुरी, बटनवर कॉल

थेट टेबलावरच्या छोट्या नो-लिमिट होल्डेममध्ये एक सल्ला इतका फिरतो की आता त्याला कोणी सल्ला म्हणत नाही. ती रीतच झाली आहे. तुम्ही बटनवर आहात, म्हणजे फ्लॉपनंतरच्या (पहिली तीन सामाईक पाने उघडल्यानंतरच्या) प्रत्येक फेरीत शेवटी बोलण्याचा मान तुमचा. हातात किलवरची अठ्ठी-सत्ती आहे. एकाने रेझ केला, दुसऱ्याने कॉल केला, आता तुम्हीही कॉल करायचा. फ्लॉपवर काही लागले नाही तर पत्ते टाकायचे. ड्रॉ, म्हणजे एका पानाने पुरा होणारा हात, लागला तर त्याच्या मागे जायचे, आणि ड्रॉ पुरा झाला की समोरच्याचा अख्खा स्टॅक उचलायचा. छोट्या टेबलावर लोक शेवटपर्यंत पैसे भरतात, तेव्हा एक जमलेला फ्लश दहा फसलेल्यांची भरपाई करतो, असा या रीतीचा हिशेब आहे. त्यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर जवळजवळ खरे आहे. बटन ही टेबलावरची सर्वांत चांगली जागा आहेच, आणि छोट्या टेबलावरचे लोक गरजेपेक्षा जास्त कॉल करतात हेही खरे. चूक आहे ती बेरजेत. पोझिशनचा फायदा खरा असला तरी त्यातला मोठा भाग पैसे वाचवण्यातून येतो, आणि ही रीत नेमका तोच भाग आधीच उधळून टाकते, असे माझे म्हणणे आहे.

मराठी खेळणाऱ्याला हा फरक चटकन जाणवत नाही, त्याला कारण आहे. तीन पत्तीत पाने वाटली की हात ठरला. उरते ती फक्त चाल. रमीत उलट, सगळा खेळच पान ओढण्याचा, पण तिथे प्रत्येक पान ओढण्यासाठी वेगळा पैसा टाकावा लागत नाही. होल्डेममध्ये हात अर्धवट असतो आणि पुढचे पान पाहायचे तर दर फेरीला किंमत मोजावी लागते. ती किंमत पुन्हा आपण ठरवत नाही, समोरचा ठरवतो. ड्रॉचा सगळा प्रश्न या एका गोष्टीत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि पोकर शिकलेल्या अनेकांसाठी मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो बोटींवरचे टेबल हेच जवळचे कायदेशीर टेबल उरले. तिथे पैसा रुपयांत असतो, लास वेगासला डॉलरमध्ये. खालची उदाहरणे अमेरिकेतल्या एक-तीन डॉलर ब्लाइंडच्या (दोघांनी डावाआधी सक्तीने भरायच्या रकमांच्या) टेबलाची घेतली आहेत, कारण ही रीत तिकडूनच आली. गुणोत्तरे मात्र दोन्हीकडे तीच राहतात.

ही रीत मुळात चुकीची नव्हती. ती दुसऱ्याच खेळाची होती. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाचा हौशी खेळाडू वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकला, दूरचित्रवाणीने नो-लिमिट घराघरांत नेले, आणि त्यानंतर छोट्या पैशांच्या टेबलांवर नो-लिमिटचा सुळसुळाट झाला. त्याआधी अमेरिकेतल्या कार्डरूममध्ये साध्या खेळाडूच्या वाट्याला बहुधा लिमिट होल्डेम येई. लिमिटमध्ये बेटची रक्कम नियमाने बांधलेली असते. समजा चार-आठ डॉलरचे टेबल आहे आणि सहा जणांनी चार-चार डॉलर भरून फ्लॉप पाहिला. पॉट झाला २४. एकाने चार लावले, तिघांनी कॉल केला, आणि पाळी बटनवर आली. पॉटमध्ये आता ४० डॉलर आहेत आणि तुम्हाला द्यायचे आहेत चार. पॉट दहास एक भाव देतो आहे, आणि फ्लश पुढच्याच पानावर येण्याविरुद्धचा भाव आहे साधारण सव्वाचारास एक. अशा ठिकाणी पत्ते टाकणे हाच मूर्खपणा. डेव्हिड स्क्लान्स्की, मेसन माल्मथ आणि एड मिलर यांचे ‘स्मॉल स्टेक्स होल्डेम’ हे २००४ चे पुस्तक गर्दीच्या पॉटमध्ये सूटेड (एकाच चिन्हाची) पाने आणि ड्रॉ यांची बाजू हिरिरीने घेते, ती याच जोरावर. ते पुस्तक लिमिटचे आहे. नंतर टेबल बदलले, बेटवरची मर्यादा गेली, पण ‘गर्दी असेल तर ड्रॉ खेळा’ हे वाक्य मागच्या घरातले सामान तसेच्या तसे नव्या घरात यावे तसे आले.

नो-लिमिटमध्ये समोरचा चार डॉलरला बांधलेला नाही. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असेल आणि फ्लॉपवर दोन किलवर दिसत असतील, तर तो पॉटच्या दोन-तृतीयांश रक्कम लावू शकतो किंवा पूर्ण पॉटही. लिमिटमध्ये दहास एक मिळणारा भाव इथे अडीचास एक किंवा दोनास एक होतो. फुकट पान मिळवण्याच्या जुन्या युक्तीचेही तेच. लिमिटमध्ये फ्लॉपवर चार डॉलर जास्त घालून रेझ केला की टर्नवर (चौथ्या पानावर) समोरचे बहुधा चेक करीत, आणि टर्नची बेट आठ डॉलरची असल्याने चार घालून आठ वाचत. नो-लिमिटमध्ये ४० च्या बेटवर रेझ करायचा तर बहुधा शंभरच्या वर घालावे लागतात, आणि समोरचा पुन्हा रेझ करून तुम्हाला ड्रॉसकट उठवू शकतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा तो व्यवहार होतो.

आता टेबलावर सर्वाधिक ऐकू येणारा आकडा पाहू: फ्लश ड्रॉ ‘पस्तीस टक्के’. फ्लॉपवर चार किलवर जमले असतील तर न दिसलेल्या ४७ पानांत नऊ किलवर उरतात. टर्न आणि रिव्हर (शेवटचे, पाचवे पान) अशी दोन्ही पाने पाहिली तर फ्लश होण्याची शक्यता ३५ टक्के, हे गणित बरोबर आहे. पण हा आकडा फक्त त्यालाच लागू पडतो ज्याला दोन्ही पाने एकाच किमतीत मिळणार आहेत, म्हणजे फ्लॉपवरच सगळा पैसा आत गेला असेल तर. बाकी सगळ्या प्रसंगी तुम्ही एक पान विकत घेत असता, आणि एका पानाची शक्यता आहे नऊ भागिले ४७, म्हणजे १९ टक्के. दोन्ही टोकांनी पुऱ्या होऊ शकणाऱ्या स्ट्रेटसाठी ती १७ टक्के, मधले एकच पान हवे असेल तर साडेआठ. फ्लॉपवर ३५ चा आकडा धरून कॉल करायचा, टर्नवर पान चुकले की दुसरी मोठी बेट आल्यावर ‘आता इतके घातलेत तर’ म्हणून पुन्हा कॉल करायचा, हे एकाच तिकिटाचे दोनदा पैसे भरणे आहे.

एक डाव पुरा मोजून पाहू. एक-तीनचे टेबल, प्रत्येकापुढे ३०० डॉलर. कोणी २० चा रेझ केला, एकाने कॉल केला, बटनवरून तुम्हीही केला; रेक (घराचा हिस्सा) वजा जाता पॉट ६० धरू. फ्लॉपवर दोन किलवर आले. रेझ करणाऱ्याने ४० लावले, मधल्याने पत्ते टाकले. तुम्हाला ४० देऊन १०० साठी खेळायचे आहे. ३८ पाने तुमच्या विरुद्ध आणि नऊ तुमच्या बाजूची, तेव्हा कॉल बरोबरीत सुटायला जिंकल्यावर सरासरी १६९ डॉलर हाती आले पाहिजेत. पॉटमध्ये शंभर आहेत. उरलेले ६९ पुढच्या फेऱ्यांत त्याच्याकडून निघायला हवेत. यालाच खेळणारे इम्प्लाइड ऑड्स म्हणतात: अजून न आलेल्या पैशांच्या भरवशावर आज केलेला खर्च. फ्लश झाल्यावर तुम्ही शंभर लावले आणि तीनपैकी दोन वेळा त्याने ते भरले, तर सरासरी पडते ६७. म्हणजे तीनात दोनदा पैसे भरणारा गिऱ्हाईक मिळूनही तुम्ही दोन डॉलरने मागेच. रिव्हरचे पान फुकट मिळण्याची शक्यता यात धरलेली नाही आणि फ्लश करूनही हरण्याची शक्यताही धरलेली नाही. दोन्हींकडे पुढे येतोच. पण इतके दिसते की फ्लॉपवरचा हा कॉल चांगल्या परिस्थितीतही जेमतेम बरोबरीच्या आसपास आहे.

मग खरा प्रश्न मागे जातो: फ्लॉपआधी घातलेले २० डॉलर कोण फेडणार? सूटेड पाने हातात असताना फ्लॉपवर फ्लश ड्रॉ येतो साधारण ११ टक्के वेळा, म्हणजे नऊ फ्लॉपमध्ये एकदा. तो आल्यावरचा कॉल जर बरोबरीत सुटत असेल, तर तो आधीच्या आठ फसलेल्या फ्लॉपचे देणे फेडू शकत नाही. तयार हात लागण्यावर भिस्त ठेवावी, तर अठ्ठी-सत्तीसारख्या पानांना दोन्ही पाने वापरून दोन जोड्या किंवा त्याहून वरचा हात फ्लॉपवर मिळतो साडेपाच टक्क्यांच्या आसपास, अठरात एकदा. सतरा वेळा २० गेले की ३४० होतात. अठराव्या वेळी इतरांचे फ्लॉपआधीचे ४० आणि समोरच्याचे उरलेले सगळे २८० मिळाले, तरी बेरीज ३२० च. म्हणजे दर वेळी अख्खा स्टॅक मिळतो असे स्वप्न धरले तरी नुसत्या तयार हातांवर हा कॉल फिटत नाही. आता हीच पाने, हेच बटन, हेच ३०० डॉलर. फक्त कोणी रेझ केलेला नाही, चौघे लिंप करून (नुसत्या बिग ब्लाइंडएवढे भरून) आत आले आहेत आणि तुम्हाला तीनच डॉलर द्यायचे आहेत. सतरा त्रिक ५१. ही रक्कम एका बऱ्या पॉटमध्ये निघते. दोन्ही ठिकाणी पोझिशन सारखीच होती. बदलला तो भाव. म्हणूनच ‘पोझिशन आहे म्हणून कॉल’ हे कारण अपुरे आहे. पोझिशन दोन्हीकडे असताना एक कॉल शहाणपणाचा आणि दुसरा तोट्याचा ठरत असेल, तर निर्णय पोझिशनने झालेला नाही.

यावर पहिले उत्तर येते ते असे: तुमचा हिशेब सावध खेळाडूंचा आहे, छोट्या टेबलावर लोक याहून खूप जास्त भरतात. भरतात, पण कधी? एक्क्यांची जोडी घेऊन बसलेला माणूस फ्लॉपवर आणि टर्नवर निर्धास्त पैसे लावतो. तिसरे किलवर टेबलावर उघडे पडले की कालच खेळ शिकलेल्यालाही ते दिसते. फ्लश हा होल्डेममधला सर्वांत उघडा हात आहे, कारण त्याची तीन पाने सगळ्यांसमोर एकाच चिन्हाची पडलेली असतात. लपून पैसे काढतो तो हातातल्या जोडीवरून झालेला सेट, किंवा मधल्या पानांनी जुळलेला स्ट्रेट. तेव्हा जास्त भरणारे लोक आहेत हे खरे असले तरी ते नेमके तुमच्या फ्लशला जास्त भरतील असे त्यातून निघत नाही. आणि हाच युक्तिवाद करणारे पुढच्या वाक्यात म्हणतात की ड्रॉ फसला तर पोझिशनमधून ब्लफ करता येतो. एकच माणूस एका दमात चिकट आणि भित्रा कसा असेल? तो पत्ते टाकत नाही म्हणून फ्लश जमल्यावर पैसे मिळणार असतील, तर तो पत्ते टाकत नाही म्हणूनच फसलेल्या ड्रॉचा ब्लफ चालणार नाही. त्याच्या तोट्याची एक बाजू तुम्ही घेऊ शकता. दोन्ही बाजू एकत्र मोजणे म्हणजे बाजारात तुरी आणि घरात वाटणीवरून भांडण.

सेमी-ब्लफ ही कल्पना स्क्लान्स्की यांच्या लेखनातून रुजली, आणि डॉयल ब्रन्सन यांनी ‘सुपर/सिस्टम’मध्ये नो-लिमिटसाठी आक्रमकतेचा जो धडा घालून दिला त्याचा गाभाही तोच: समोरच्याने पत्ते टाकले तर पॉट लगेच आपला, आणि टाकले नाहीत तर पान येण्याची आशा शिल्लक. १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ मुख्य स्पर्धा जिंकणाऱ्या ब्रन्सन यांना कोणी भित्रे म्हणणार नाही. पण ड्रॉ हाती असताना ते पुढाकार घेत; दुसऱ्याच्या बेटमागे निमूट कॉल करीत जाणे हा त्यांचा मार्ग नव्हता. त्यांच्या पद्धतीला दोन पाय आहेत, आणि त्यांतला पहिला, म्हणजे समोरच्याचे माघार घेणे, छोट्या टेबलावर लुळा असतो. एका पायावर उभे राहायचे तर तो पाय भक्कम हवा. १९ टक्क्यांचा पाय भक्कम नाही. किलवरचा ड्रॉ आणि दोन्ही टोकांचा स्ट्रेट ड्रॉ एकत्र असे पंधरा आउट्स (हात पुरा करणारी पाने) असतील तर गोष्ट वेगळी; तिथे दोन पानांत ५४ टक्के शक्यता असते आणि पैसे आत ढकलणेच योग्य. पण असे हात वर्षाच्या सणासारखे येतात, रोजच्या स्वयंपाकाचे गणित त्यांवर मांडता येत नाही.

गर्दीचा मुद्दा याहून नाजूक आहे. ‘जितके जास्त लोक तितका पॉट मोठा’ हे म्हणणारे विसरतात की जितके जास्त लोक तितके तुमच्या किलवरना वाटेकरीही जास्त. समजा टेबलावरच्या पाच पानांत किलवरचा राजा, नव्वी आणि चौकी आहेत आणि तुमच्याकडे अठ्ठी-सत्ती. उरलेल्या ४५ पानांत आठ किलवर आहेत. कोणा एका प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पानांत किलवर असण्याची शक्यता ९९० पैकी २८, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. चार प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत असले तर ती ११ टक्क्यांच्या आसपास जाते. त्या २८ जोड्यांपैकी २२ जोड्या तुमच्या फ्लशला हरवतात, कारण एक्का, राणी, गुलाम, दश्शी ही चारही मोठी पाने बाहेर आहेत. हे झाले आंधळ्या वाटपाचे गणित. प्रत्यक्षात जे लोक ‘सूटेड आहे म्हणून’ आत आले आणि फ्लशच्या आशेने तिथवर टिकले, त्यांच्याकडे किलवर असण्याची शक्यता याहून जास्त. आणि हरण्याचा हा प्रसंग लहान पॉटमध्ये येत नाही. दोन फ्लश समोरासमोर आले की अख्खा स्टॅक जातो, तर तुमचा फ्लश एकटाच असेल तेव्हा बहुधा मध्यम पॉट मिळतो. इम्प्लाइड ऑड्सची ही उलटी बाजू रीतीच्या हिशेबात कुठेच नसते. एक्का-पाच सूटेड आणि अठ्ठी-सत्ती सूटेड यांतला फरक इथे कळतो: पहिल्याचा फ्लश जमला तर गर्दी हे त्याचे गिऱ्हाईक, दुसऱ्यासाठी त्याच गर्दीत सावकार बसलेला असू शकतो.

मग पोझिशनला काही मोल नाही का? आहे, आणि ते नेमके सांगता येते. शेवटी बोलणाऱ्याला पान पाहण्याची किंमत बहुधा पूर्ण माहीत असते. त्याच्या कॉलनंतर मागून कोणी रेझ करून किंमत वाढवण्याचा धोका फार कमी असतो. टर्नवर सगळ्यांनी चेक केले तर तो रिव्हरचे पान फुकट पाहतो, आणि तेव्हा त्याला ४६ पैकी नऊ, म्हणजे साडेएकोणीस टक्के शक्यता एकही पैसा न घालता मिळते. फ्लश जमला तर किती लावायचे हे समोरच्याची हालचाल पाहून ठरवता येते, आणि पान चुकले तर निमूट पत्ते टाकता येतात. यांतले पहिले, दुसरे आणि चौथे हे तिन्ही फायदे खर्च वाचवण्याचे आहेत; कमाईचा म्हणावा असा फक्त तिसरा. ज्याला टर्नवरच्या मोठ्या बेटला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्या दृष्टीने चारांपैकी दोन-तीन फायदे अस्तित्वातच नाहीत. तो बटनवर बसला काय आणि ब्लाइंडमध्ये बसला काय, फारसा फरक नाही. शिवाय फ्लॉपआधी बटनच्या मागे दोन ब्लाइंड अजून बोलायचे असतात. तिथे शेवटचा शब्द बटनचा नसतो, आणि दोन कॉलर पाहून बिग ब्लाइंडने मोठा रेझ टाकला की तुमचे २० डॉलर फ्लॉप न पाहताच जातात.

अनुभवाचा दाखला देणारे म्हणतात, आकडे राहू द्या, आम्ही या हातांनी मोठे पॉट जिंकलेले आहेत. जिंकले असतील, पण थेट टेबलावर तासाला साधारण ३० च डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर आठ तास बसले तर २४० डाव, त्यांत बटन २७ वेळा, त्यांत सूटेड पाने सहा-सात वेळा, आणि त्यांत फ्लॉपवर फ्लश किंवा फ्लश ड्रॉ एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. असा ड्रॉ येऊन पुरा होण्याचा प्रसंग तीन-चार बैठकांत एकदा. इतक्या विरळ घटनांवरून नफा-तोटा मनाने ठरवणे शक्य नाही. मोठा पॉट लक्षात राहतो, त्याची गोष्ट होते, ती चार जणांना सांगितली जाते. २० डॉलर घालून फ्लॉपवर पत्ते टाकले याची गोष्ट होत नाही. वही ठेवणाऱ्याला हे दिसते. आठवणीवर चालणाऱ्याला दिसत नाही.

नव्या पिढीचा आक्षेप अधिक तोलामोलाचा आहे. संगणकावरचे सॉल्व्हर बटनवरून ४० टक्क्यांहून अधिक हात खेळतात, मग आम्ही का नको? कारण सॉल्व्हर ते हात खेळतो तेव्हा बटनपर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकलेले असतात, आणि तो स्वतः रेझ करून फक्त दोन ब्लाइंडशी लढत असतो. आधीच कोणी रेझ केला असेल तर त्याच सॉल्व्हरची नुसत्या कॉलची यादी आखडते, आणि गणितात रेक धरला की आणखी आखडते. तो बहुतेक वेळा पुन्हा रेझ करतो किंवा पत्ते टाकतो. सॉल्व्हरच्या जगात सुरुवातीचा रेझही अडीच ब्लाइंडचा असतो. एक-तीनच्या टेबलावर तो १५ ते २० डॉलरचा, म्हणजे पाच ते सात ब्लाइंडचा असतो. रेकचे ओझेही छोट्या टेबलावर जास्त. अमेरिकेतल्या अनेक कार्डरूममध्ये ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत पॉटच्या दहा टक्के घेतात, जॅकपॉटसाठी वर एक-दोन डॉलर, आणि फ्लॉप पाहिला नाही तर बहुधा काहीच घेत नाहीत. वारंवार फ्लॉप पाहणारा खेळाडू घराचा सर्वांत आवडता पाहुणा असतो तो यामुळे.

स्टॅक खोल असतील तर? हा आक्षेप अर्धा मान्य केला पाहिजे. समोरच्यापुढे आणि तुमच्यापुढे ३०० ऐवजी हजार डॉलर असतील तर २० चा कॉल पन्नासपट परताव्याच्या आशेवर करता येतो, आणि पोझिशनचे मोलही वाढते, कारण निर्णय जास्त आणि मोठे होतात. पण खोली दोन्ही बाजूंना असते. दोन फ्लश भिडल्यावर जाणारी रक्कमही तीनशेची हजार होते. म्हणून खोल स्टॅक हे एक्क्याच्या फ्लश ड्रॉला, लपलेल्या स्ट्रेटला आणि लहान जोडीच्या सेटला वरदान आहे. राणी-तिर्रीच्या फ्लशला तो सापळा आहे. शिवाय हिशेब धरायचा तो दोघांतल्या लहान स्टॅकचा. तुमच्यापुढे हजार आणि रेझ करणाऱ्यापुढे दीडशे असतील तर तुमच्या दृष्टीने टेबलावर दीडशेच आहेत.

राहिला शेवटचा आक्षेप, की माणूस मजेसाठी खेळतो, सतत पत्ते टाकत बसायला कोण जाईल? मजेसाठी पैसे खर्च करणे यात गैर काही नाही. सिनेमाचे तिकीटही परत मिळत नाही. हरकत आहे ती मजेला डावपेच म्हणण्याला. ज्याला आपण तिकीट काढतो आहोत हे माहीत आहे त्याचा तोटा मर्यादेत राहतो. ज्याला आपण गुंतवणूक करतो आहोत असे वाटते, तो हरल्यावर रक्कम वाढवतो.

तेव्हा पोझिशनमधून ड्रॉ खेळायचे ते कोणते, याचे उत्तर या सगळ्या हिशेबातूनच येते. रेझ झालेला नसेल आणि तीनेक डॉलरमध्ये फ्लॉप मिळत असेल तर लागोपाठची सूटेड पाने खुशाल खेळावीत. रेझ झाला असेल तर आपली रक्कम आणि लहान स्टॅक यांचे गुणोत्तर पाहावे. २० ला १५० हे गुणोत्तर ड्रॉचे नव्हे. फ्लश जमला तर तो सर्वांत मोठा असेल अशी पाने निवडावीत. फ्लॉपवर १९ टक्के धरावेत, ३५ नव्हे. टर्न फुकट मिळाला तर घ्यावा, महाग मिळाला तर सोडावा, आणि सोडताना आधी घातलेल्या पैशांकडे पाहू नये, कारण ते आता आपले नाहीत, पॉटचे आहेत. यांतल्या प्रत्येक वाक्यात पोझिशन आहे. फक्त ती कॉलचे निमित्त म्हणून आलेली नाही. नऊ खुर्च्यांपैकी दोन खुर्च्यांना प्रत्येक डावात सक्तीने पैसे भरावे लागतात. बटनला ते भरावे लागत नाहीत. तिथे बसून पत्ते टाकायला एक डॉलरही लागत नाही, आणि तोपर्यंत फ्लॉपआधीच्या फेरीत ब्लाइंड सोडून सगळ्यांचे बोलून झालेले असते. इतके ऐकून घेतल्यावर, कोणाकडे किती स्टॅक आहे आणि कोणी किती मागितले हे समोर दिसत असताना, २० डॉलरचे उत्तर पाने वाटण्याआधीच ठरलेले असेल, तर त्या माणसाने त्या खुर्चीचा काहीच उपयोग केला नाही.